दोन ओळी, सहा महिने: कर्नलला पहिला पॅच पाठवताना

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, माझ्या दोन ओळी गेल्या. त्या पण कोडच्या नाहीत, कॉमेंटच्या, म्हणजे कोड वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या टिपेच्या. संक्रांतीच्या दिवशी, १५ जानेवारी २०२४ ला सुरुवात केली आणि १४ जुलैला कर्नल ६.१० बाहेर आलं तेव्हा त्या त्यात होत्या. हे लिहितेय कारण मी सुरू केलं तेव्हा सगळीकडे पायऱ्या लिहिलेल्या सापडत होत्या पण दोन पायऱ्यांच्या मध्ये माणूस किती दिवस नुसता बसून असतो, कुठे पैसे जातात, कुठे रडू येतं, हे काही कुठे सापडत नव्हतं.

मी भोसरीच्या एका कंपनीत एम्बेडेडचं (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचं) काम करते, नऊ वर्षं झाली. आमच्या एका बोर्डवर एक छोटा सेन्सर आहे, त्याचा ड्रायव्हर (तो सेन्सर चालवणारा कोड) कर्नलमध्येच असतो, आम्ही तो जसाच्या तसा वापरतो. तो बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवताना, डब्ल्यू=१ लावलं (म्हणजे जास्तीच्या वॉर्निंग दाखव) की तीन वॉर्निंग यायच्या. दोन अशा की या स्ट्रक्चरमधल्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यातल्या) अमुक दोन मेंबरचं, म्हणजे घटकांचं, वर्णन वरच्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं नाही, आणि तिसरी, एका व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू भरलीय पण ती कुठे वापरलेलीच नाही. वर्षभर बघत होते. एक दिवस डोक्यात आलं की हे आपणच का नाही दुरुस्त करून पाठवत.

पहिली अडचण कर्नलची नव्हती, आमच्या ऑफिसची होती. कर्नलला काही पाठवायचं तर खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लिहून आपलं नाव आणि ईमेल द्यावा लागतो. ती ओळ म्हणजे सही. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर लिनक्सच्या कोडवरून दावा ठोकला, त्यानंतर २००४ पासून ही पद्धत आली, की कोड कुणाचा, देण्याचा हक्क आहे का, हे प्रत्येकाने स्वतः लिहून द्यायचं. फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, एक ओळ फक्त. पण त्या ओळीमागे जो मजकूर आहे तो नीट वाचला तर तुम्ही म्हणताय की हे देण्याचा मला अधिकार आहे. आणि माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये स्पष्ट लिहिलंय की नोकरीत असताना मी जे काही सॉफ्टवेअर लिहीन ते कंपनीचं. घरी, रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलं तरी. तुमचं पण लेटर एकदा काढून बघा, बऱ्याच जणांचं असंच असतं.

मग १५ जानेवारीला मॅनेजरना मेल केला. त्यांनी एचआरकडे पाठवला, एचआरने लीगलकडे, लीगलने विचारलं की यातून कंपनीला फायदा काय, तो मेल फिरत परत माझ्याकडे. सात आठवडे. मध्ये एक हमीपत्र मागितलं, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरी करून, की मी कंपनीचा गोपनीय कोड बाहेर देणार नाही. दिलं. ४ मार्चला पत्र हातात आलं, त्यात एक अट, की कंपनीचा ईमेल वापरायचा नाही. मला आधी वाईट वाटलं, नंतर कळलं की ही अट माझ्याच भल्याची होती, कारण आमच्या ऑफिसच्या प्रत्येक मेलखाली आपोआप 'हा मजकूर गोपनीय आहे, चुकून मिळाला असल्यास नष्ट करा' असं चिकटतं, आणि कर्नलचा प्रत्येक मेल अख्ख्या जगाला वाचता येतो आणि कायमचा जपून ठेवतात. (टिप: परवानगी मागताना 'ओपन सोर्समध्ये योगदान' असं भारदस्त काही लिहू नका, घाबरतात. मी शेवटी 'दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडायचं आहे' असं लिहिलं आणि सोबत त्या दोन ओळीच जोडल्या, तेव्हा फाइल हलली.)

त्या सात आठवड्यांत मी नुसतं वाचत होते. लोर डॉट कर्नल डॉट ऑर्ग या साइटवर कर्नलचे जुने मेल सगळे आहेत. कर्नलचं काम आजही मुख्यतः साध्या टेक्स्टच्या ईमेलवर चालतं, हे ऐकलं होतं पण बघितल्यावर खरं वाटलं. पॅच म्हणजे मेलच्या पोटात लिहिलेला फरक, वजा लावलेली ओळ काढायची, अधिक लावलेली घालायची. बटण नाही, रंग नाही, अटॅचमेंट पण नको म्हणतात, कारण समोरचा माणूस तुमच्याच ओळीखाली आपलं म्हणणं लिहून परत पाठवतो. हा फरक लावणारा 'पॅच' नावाचा प्रोग्रॅम लॅरी वॉलने १९८५ मध्ये दिला, म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आणि कुठल्या फाइलसाठी कुणाला मेल करायचा हे 'मेंटेनर्स' नावाच्या एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं, वीस हजारांवर ओळींची फाइल, एम म्हणजे मेंटेनर (तो भाग सांभाळणारा माणूस), एल म्हणजे लिस्ट (पॅच जिथे पाठवायचे ती मेलिंग लिस्ट), एफ म्हणजे कुठल्या फाइली, एस म्हणजे त्या कोडला कुणी वाली आहे की नाही. 'ऑर्फन' असा शेरा असलेले ड्रायव्हर बघून उगाच गलबलून आलं.

कोड उतरवण्यात एक अख्खा शनिवार गेला. घरचं वायफाय बंद होतं म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गिट क्लोन (कोडचा अख्खा साठा इतिहासासकट उतरवणारी कमांड) लावलं आणि रोजचा दीड जीबी मध्येच संपला. टॉप-अप मारला, परत चालू केलं तर ते शून्यापासून सुरू! क्लोन अर्ध्यात तुटलं की पुढे चालू होत नाही, हे मला नऊ वर्षं गिट वापरून माहीत नव्हतं. असे दोन टॉप-अप, १२० रुपये पाण्यात. शेवटी मैत्रिणीकडे जाऊन उतरवून आणलं. मग बिल्डला लागणारं फ्लेक्स नाही, बायसन नाही, एक-एक पॅकेज टाकत बसले, मग लॅपटॉपचे ८ जीबी कमी पडायला लागले म्हणून १,७५० रुपयांची रॅम. तुम्हाला एकच ड्रायव्हर बघायचा असेल तर अख्खं कर्नल बिल्ड करत बसू नका, तेवढ्याच फोल्डरचा मार्ग मेकला (बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅमला) देता येतो, मी हे दोन तास पंखा ऐकून झाल्यावर शिकले.

१० मार्च, रविवार, रात्री पहिला मेल. इथे मी गाढवपणा केला. कर्नलच्या डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय की ब्राउझरमधल्या मेलमधून पॅच पाठवू नका, आणि मी म्हटलं दोनच तर ओळी आहेत, कॉपी-पेस्ट करू. पहिला मेल पाच मिनिटांत परत आला, एचटीएमएल आहे म्हणून लिस्टने घेतलाच नाही. मग साधा टेक्स्ट निवडून पाठवला, तो गेला. सकाळी एका अनोळखी माणसाचं उत्तर आलेलं, दोन वाक्यांचं, की पॅच लागत नाहीये, टॅब मोडलेत, गिट सेंड-ईमेल (गिटमधूनच थेट मेल पाठवणारी कमांड) वापर.

मला कळेना टॅब कसे मोडतात. मग माझाच मेल उतरवून घेतला आणि एडिटरमध्ये न दिसणारी अक्षरं दाखव म्हटलं. मूळ फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक टॅब, मेलमध्ये त्याच जागी आठ स्पेस. डोळ्याला फरक शून्य. पण पॅच लावणारा प्रोग्रॅम आधी आजूबाजूच्या ओळी जुळतात का बघतो, त्याला टॅब हवा होता, स्पेस मिळाले, म्हणाला ही ओळ मला कुठे सापडत नाही. आणि एक लांब ओळ मेलने मध्येच तोडली होती ती वेगळीच. साधा टेक्स्ट म्हणजे सगळ्यात सोपा असं मी समजत होते.

गिट सेंड-ईमेल सुरू करायला अजून दोन संध्याकाळी. मेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही, आधी टू-स्टेप चालू करा, मग सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढा. तो काढला तरी मेल जाईना, नुसता लटकून राहायचा. ऑफिसच्या नेटवर्कवर ५८७ नंबरचं पोर्ट (मेल बाहेर जायचा मार्ग) बंद होतं, हे आमच्या नेटवर्कवाल्या दादांनी सांगितलं, आणि वर विचारलं, "ताई, ऑफिसच्या वेळेत मेल कुणाला पाठवताय?" घरून गेला. आणि हे नक्की करा: पहिल्यांदा स्वतःलाच पाठवा, आलेला मेल सेव्ह करा आणि गिट ए-एम ने (मेलमधला पॅच कोडवर लावणारी कमांड) तो कोऱ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या न बदललेल्या प्रतीवर, लावून बघा. स्वतःचा पॅच स्वतःला लागला नाही तर दुसऱ्या कुणाला लागणार नाही.

नावाचा पण एक घोळ. मला हौस की नाव देवनागरीत द्यावं. गिटला काही हरकत नसते. सहीच्या ओळीत छान देवनागरी दिसलं, पण तयार झालेल्या फाइलच्या वर 'फ्रॉम' च्या जागी बरोबरची चिन्हं, प्रश्नचिन्हं आणि आकड्यांची खिचडी. ती चूक नाही, मेलच्या वरच्या भागात तसंच गुंडाळून पाठवायची रीत आहे, समोर परत नीट दिसतं. पण मग विचार केला की ज्याला उत्तर लिहायचंय त्याने मला हाक कशी मारायची? शेवटी रोमनमध्ये दिलं, वडलांचं नाव गाळून, नाव-आडनाव. अजून मनात थोडं आहे ते.

१७ मार्चला दुसरी आवृत्ती, व्ही-२. या वेळी चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) चालवला, शून्य एरर शून्य वॉर्निंग. आणि अति उत्साहात त्याच पॅचमध्ये ते न वापरलेलं व्हेरिएबल पण काढून टाकलं. एकाच दगडात तिन्ही वॉर्निंग.

१९ ला रात्री दीड वाजता मेल आला, कर्नल टेस्ट रोबोटचा. हा माणूस नाही, लिस्टवर आलेले पॅच उचलून वेगवेगळ्या कॉन्फिगरेशनवर (कर्नलमधलं काय चालू, काय बंद याच्या निवडीवर) बिल्ड करून बघणारी यंत्रणा. म्हणाला तुझा पॅच लावल्यावर बिल्ड तुटतंय, हे व्हेरिएबल डिक्लेअरच केलेलं नाही, ही फाइल, हा ओळ नंबर, ही कॉन्फिग, स्वतः करून बघ. झालं असं होतं की ते व्हेरिएबल वापरलं जात होतं, फक्त मशीन झोपवताना लागणाऱ्या भागात, आणि तो भाग इफडेफच्या ('अमुक पर्याय चालू असेल तरच हा कोड घ्या' अशा अटीच्या) आत होता, आणि माझ्या कॉन्फिगमध्ये ते बंद होतं. म्हणजे माझ्या लॅपटॉपपुरतं 'कुठे वापरलेलंच नाही' खरं होतं.

मी रडले. खोटं कशाला बोलू. सगळं उघड्यावर, माझ्या नावासकट, कायमचं. ऑफिसच्या पत्राची आठवण झाली, लीगलवाले हा मेल वाचत असतील असं पण वाटून गेलं. सकाळी जुने मेल चाळले तर दिसलं की ज्यांची नावं मेंटेनर्स फाइलमध्ये आहेत त्यांना पण हाच रोबोट असेच मेल पाठवतो, आणि ते 'हो, बरोबर, व्ही-३ मध्ये दुरुस्त करतो' एवढं लिहून पुढे जातात. मी तेच वाक्य लिहिलं. वर नाही, त्याच्या ओळीच्या खाली, बाकीचा फालतू मजकूर कापून. वर उत्तर लिहिलेलं त्यांना चालत नाही.

त्याच आठवड्यात एका रिव्ह्यूअरने पण सविस्तर लिहिलं. त्याचे मुद्दे असे की एका पॅचमध्ये एकच काम कर, विषयाच्या ओळीची सुरुवात या ड्रायव्हरच्या पद्धतीने कर (त्या फाइलचा गिट लॉग काढून आधीच्यांनी कसं लिहिलंय ते बघायचं, बस), 'हा पॅच अमुक करतो' असं नको, हुकूम सोडल्यासारखं लिही, आणि व्ही-२ मध्ये काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिही म्हणजे ते गिटच्या इतिहासात जाणार नाही. हे सगळं अर्ध्या तासाचं काम. शेवटचा मुद्दा मात्र तीन संध्याकाळी खाऊन गेला.

मी ज्या दोन मेंबरची वर्णनं लिहिली होती त्यातला एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) होता, नाव 'लॉक'. मी त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'म्युटेक्स लॉक'. वॉर्निंग गेली ना, झालं. रिव्ह्यूअरने खाली एवढंच विचारलं: कशाचा?

आता कशाचा ते मला कुठे माहीत. मग अख्खा ड्रायव्हर छापून काढला, अकरा पानं, आणि जिथे जिथे लॉक घेतला जातो तिथे हिरवी खूण, सोडला जातो तिथे लाल. पहिल्या संध्याकाळी वाटलं रजिस्टर (सेन्सरमधली आकडा ठेवायची जागा) वाचताना दोघे एकदम येऊ नयेत म्हणून. पण एका ठिकाणी रजिस्टर लॉकशिवायच वाचलं होतं. मला वाटलं सापडला बग! दुसऱ्या संध्याकाळी कळलं की ते वाचन सुरुवातीला एकदाच होतं, तेव्हा दुसरं कुणी यायचा प्रश्नच नसतो. तिसऱ्या संध्याकाळी हिरव्या-लाल खुणांच्या मधल्या ओळी नुसत्या मोठ्याने वाचल्या आणि दिसलं की प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी एकत्र होतायत, मोड बदलायचा आणि मग रीडिंग घ्यायचं. त्या दोघांच्या मध्ये कुणी घुसून मोड परत बदलला तर रीडिंग चुकीचं येणार. लॉक त्या जोडीसाठी होता. मग ओळ लिहिली, मराठीत सांगायचं तर 'मोड बदलणे आणि त्यानंतरचं रीडिंग हे मध्ये न तुटता व्हावं म्हणून'. बाराएक शब्द. ज्या ड्रायव्हरवर मी एवढी वर्षं पगार घेतला तो मला त्या दिवशी कळला.

व्ही-३ पाठवायची घाई झाली होती पण थांबले, कारण तोवर कळलं होतं की माझी वेळच चुकली होती. मी पहिला मेल टाकला त्याच रात्री आपल्याकडे सगळे झोपलेले असताना ६.८ रिलीज झालं होतं, आणि रिलीज झालं की पुढचे दोन आठवडे मर्ज विंडो (नवीन बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायचा काळ), मेंटेनर लोक साठवलेलं सगळं वर ढकलण्यात गुंतलेले, नवीन पॅचकडे बघायला सवड नसते. ६.९ चा पहिला आरसी (रिलीजच्या आधीची चाचणी आवृत्ती) धुळवडीच्या सुमाराला आला. ३१ मार्चला व्ही-३ पाठवला, फक्त दोन ओळींचा, व्हेरिएबलला हात न लावता, आणि या वेळी त्या सबसिस्टिमच्या (कर्नलच्या त्या विभागाच्या) स्वतःच्या झाडावर, म्हणजे कोडच्या त्यांच्या प्रतीवर, बसवून (मेंटेनर्स फाइलमध्ये टी लिहिलेलं असतं ते).

मग काही नाही. रोज सकाळी मेल बघायचा. गुढीपाडवा झाला. आईला फोनवर सांगितलं की कर्नलला काम पाठवलंय तर ती म्हणाली, "कुठल्या कर्नलला? मिल्ट्रीत?" आणि समजावून सांगितल्यावर, "मग पैसे किती देणार?" काही नाही म्हटल्यावर गप्पच झाली.

किती दिवस थांबायचं याचा नियम आहे, किमान एक आठवडा तरी थांबा, मग आठवण करा, आणि दोन-तीन आठवडे लागणं नेहमीचंच. मी १५ एप्रिलला आठवण केली. दोन ओळी, त्याच धाग्यात, 'यात अजून काही करायला हवं का?' एवढंच. तो मेल लिहायला मला पाऊण तास लागला. तीन दिवसांनी मेंटेनरचं उत्तर, की घेतला, विषयाची ओळ जरा बदललीय, धन्यवाद. आणि खाली त्या रिव्ह्यूअरची 'रिव्ह्यूड-बाय' ओळ, 'कशाचा?' विचारणाऱ्याची. पॅच घेतला यापेक्षा ती ओळ बघून जास्त बरं वाटलं.

पुढचं माझ्या हातात नव्हतंच. पॅच आधी लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या रिलीजसाठीचे बदल जिथे आधी एकत्र होतात) दिसला. १३ मेला आमचं मतदान होतं, बोटाला शाई लावून घरी आले तर ६.९ आलेलं, म्हणजे विंडो उघडली. २६ मेच्या ६.१०-आरसी१ मध्ये आपलं नाव शोधलं, सापडलं. मग सात आठवडे आरसी मोजत बसायचं. १४ जुलैला रिलीज, वारी पंढरपूरच्या अलीकडे पोचली होती तेव्हा.

हिशोब विचारतात म्हणून: रॅम १,७५०, स्टॅम्प पेपर १००, नोटरी १५०, टॉप-अप १२०, एकूण २,१२०. ड्रायव्हर छापायचे पैसे धरले नाहीत, ऑफिसच्या प्रिंटरवर छापला, कंपनीला सांगू नका.

आई आषाढीनंतर आली तेव्हा तिला दाखवलं. त्या ओळीवर गिट ब्लेम लावलं की डावीकडे माझं नाव येतं. तिने चष्मा वर करून बघितलं, म्हणाली, "आणि ह्यासाठी तू संक्रांतीपासून बसलीस?" हो म्हटलं. "बरं, स्पेलिंग बरोबर आहे आडनावाचं."

ती व्हेरिएबलची तिसरी वॉर्निंग, २०२४ मध्ये हे लिहिताना, अजून तिथेच होती. काढायची नाही, डिक्लेरेशन आणि व्हॅल्यू भरणं दोन्ही त्या इफडेफच्या आत न्यायचं किंवा इफडेफच काढता येतो का बघायचं, आणि दोन्ही कॉन्फिगवर बिल्ड करायचं. तेव्हा ६.११ चे आरसी चालू होते, म्हणजे पाठवायला वेळ बरी होती. रविवारी बसायचं ठरवलं.